नसण्याचा दिवस

"तुम्ही असेपर्यंत यातलं काहीच हलवता येत नाही, काका."

काचेपलीकडच्या मुलीच्या आवाजात नियमाचा कोरडेपणा नव्हता. वाईट बातमी सांगताना माणसे जसा आवाज जमिनीलगत आणतात, तसा तिने तो खाली आणला होता. फटीतून आत सरकवलेले कागद तिने तितक्याच हलक्या हाताने परत बाहेर सरकवले.

"असेपर्यंत म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही हयात आहात तोवर. निवृत्त होताना हा पर्याय तुम्हीच निवडलाय ना? तुमच्या हयातीत पेन्शन निम्म्याहून कमी, आणि तुमच्या पश्चात काकूंना पूर्ण, त्या असेपर्यंत. फार थोडे लोक घेतात हा. काकूंचा छान विचार केलात तुम्ही."

"तेच उलटं करून द्या की मग. नंतरचं काही नको. जे काय नंतर देणार ते आत्ता द्या. ती आजारी आहे. तिला आत्ता लागतंय."

"एकदा घेतलेला पर्याय बदलता येत नाही, काका."

"विमाही तसाच. तोसुद्धा मी गेल्यावरच."

मुलीने मान डोलावली.

"म्हणजे मेल्याशिवाय येऊ नका, असं सरळ सांगा की."

"असं काय बोलता!" ती खरोखर दचकली. "शंभर वर्षं जगा तुम्ही."

"अगं बाई, तेच तर परवडत नाहीये," तो म्हणाला आणि हसला. रांगेत मागे उभा असलेला माणूसही हसला.

उभे आयुष्य त्याने लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवले होते. राहत्या इमारतीत लहानथोर त्याला लिफ्टकाका म्हणत, आणि निवृत्तीनंतरही लिफ्ट कुठे कुरकुरली की त्याचेच दार वाजत असे. लिफ्टच्या पेटीखाली दोन जबडे असतात. दोर तुटून पेटी कोसळू लागली, की ते बाजूच्या रुळांना कडकडून चावतात आणि पेटी जागच्या जागी थांबते. वर्षातून एकदा पेटीत वजने भरायची, पेटी मुद्दाम सोडून द्यायची, आणि जबडे धरतात की नाही ते पाहायचे, हा त्याच्या कामाचा भाग होता. पेटी सुटते आणि जबडे धरतात या दोहोंमधला जो क्षण, त्यात त्याने कधी श्वास घेतला नव्हता. तेवढा एक क्षण नीट पार पडला, की मग वर्षभर माणसे बेफिकीर वरखाली करू शकतात, यावर त्याचा विश्वास होता.

घरही त्याने त्याच विश्वासावर उभारले. त्याचे वडील निवृत्तीच्या आदल्या वर्षी जेवताना गेले. थोरला भाऊ कामावर, मधला झोपेत. तिघांचेही हृदय एखाद्या कंटाळलेल्या नोकरासारखे काही न सांगता काम सोडून गेले. "आमच्या घरात पुरुषांची वॉरंटी साठीपर्यंत," असे तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोला म्हणाला होता. ती शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या धरूनच तिने विचारले होते, "मग मला आधी का नाही सांगितलंत? दुसरं स्थळ बघितलं असतं."

त्यानंतर त्याने जे जे केले ते आपल्या न-असण्याच्या बाजूने केले. पेन्शन तशी निवडली. विमा तसा उतरवला. तिच्या स्वतःच्या आजारपणासाठी काही बाजूला ठेवावे, असे त्याच्या मनातही आले नाही. तिला काय धाड भरली होती? तिच्या आईने नव्वदी ओलांडली, आणि तीही शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतःच ओवून.

आणि वर्षातून एकदा, लिफ्टच्या त्या तपासणीच्या सुमारास, एका सुटीच्या दिवशी तो घरात पेटी सोडून पाहत असे. मुलीने लहानपणी त्या दिवसाला नाव दिले होते, बाबा नसण्याचा दिवस.

त्या दिवशी सकाळपासून तो नसे. म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला असे, पण नसे. त्याने बोलायचे नाही, खुणावायचे नाही, खाकरायचेही नाही. बायकोने सगळे एकटीने करायचे. विजेचा मेन स्विच बंद करून पुन्हा सुरू करायचा. गॅसची नळी तपासायची. अनोळखी माणसाने बेल वाजवली, तर साखळी न काढता दार फटीएवढेच उघडायचे आणि सांगायचे, घरात पुरुषमाणूस नाही, उद्या या. मग कपाटाच्या खालच्या खणातून कागदांची कापडी पिशवी काढायची. त्याच्या जुन्या गणवेशाच्या उरलेल्या कापडातून तिनेच ती शिवली होती, आत कप्पे, वर झडप, झडपेला बटण. कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, ते तिने न अडखळता म्हणून दाखवायचे.

"आई, मेलेले बाबा डोळे मिचकावतायत!" मुलगी ओरडे.

"मिचकावू देत. पहिल्याच दिवशी कुठं सगळं थांबतं? हळूहळू थांबतील."

दुपार कलली, खिडकीतले ऊन खुर्चीच्या हातावरून खाली उतरले, की मग खुर्चीतून ओशाळा आवाज येई. "चहा मिळेल का?"

"झालात जिवंत!" ती हातातले कापड टाकून हसत सुटे. "अहो, मेलेल्या माणसानं चहा मागायचा नसतो. वर्षातला एवढा एक दिवस तरी धड मरा की."

चहाचे आधण मात्र तिने आधीच ठेवलेले असे. तो भुरके मारत चहा पिई. ते भुरके तिला कधीच आवडले नाहीत, आणि त्या एका दिवशी मात्र ती ते मुकाट्याने ऐकून घेई.

संध्याकाळी शेवटची परीक्षा. तो नाकाच्या टोकावर चष्मा ओढून टेबलामागे बसे आणि पेन्शन कचेरीतला खाष्ट कारकून होई. ती पिशवी घेऊन समोर येई.

"काय पाहिजे?"

"आमचे हे गेले."

"कोण हे? इथं येणाऱ्या सगळ्यांचेच हे गेलेले असतात, बाई. उद्या या."

"उद्या नाही. आज आलेय, आजच करून द्या."

"साहेब जेवायला गेलेत."

"जेवू देत सावकाश. मी डबा आणलाय. इथंच बसते."

ती खरोखरच खुर्ची ओढून बसे. मग तो हात टेकल्यासारखे करून कागद चाळी, आणि परीक्षा संपल्याचे वाक्य म्हणे, "सगळं व्यवस्थित आहे. तुमच्या मिस्टरांनी काही कसर ठेवलेली नाही." त्या वाक्यासाठीच तो वर्षभर थांबलेला असे.

एकदाच, असेच समोर बसलेली असताना तिने पिशवीचे बटण लावता लावता विचारले होते, "आणि मी आधी गेले तर?"

"तुला काय होतंय?"

"नाही, विचारते आपली. माझ्या नसण्याचा दिवस आपण कधी केलाच नाही."

"मग मी आहे की."

"तुम्हाला चहासुद्धा करता येत नाही," ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

दोघांपैकी कोणीही न जाता एक जण नाहीसे होऊ शकते, हे त्यांच्या तालमीत कुठेच नव्हते.

तिने शिवलेल्या एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या, ही सुरुवात. त्यावर दोघे हसली होती. मग भर दुपारी घरातली वीज जाऊ लागली. मेन स्विच तिनेच बंद केलेला असे. मग शिजत असलेल्या भाताखालचा गॅस विझू लागला. आणि एके दिवशी सकाळी, शेजारच्या उशीवरून तिने त्याच्याकडे पाहिले, उठून बसली, अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाली, "कोण तुम्ही? आमचे हे गेले हो. घरात कोणी नाही."

"अगं, मी इथं आहे ना! हा बघ."

ती किंचाळली. त्या दिवशी तो जितक्यांदा असल्याचे सांगत राहिला, तितक्यांदा ती भिंतीकडे सरकत गेली. शेवटी तो उठून बाहेरच्या खोलीत गेला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि गप्प राहिला. तेव्हा ती शांत झाली. थोड्या वेळाने आतून शिलाई मशीनचा आवाज येऊ लागला.

डॉक्टर म्हणाले, आता यापुढे असेच. काय टिकेल आणि काय पुसले जाईल, ते सांगता येत नाही. पुन्हा पुन्हा घोटलेले कधी कधी जास्त टिकते.

पेन्शन कचेरीतून तो घरी पोचला, तेव्हा ऊन जिन्यात आडवे पसरले होते. मुलगी सकाळीच आली होती. ती शाळेची बस चालवायची. आईसाठी तिने रजा काढली होती, आणि आता तीही संपत आली होती. आईला सांभाळणाऱ्या मावशी गेल्या आठवड्यात काम सोडून गेल्या, कारण आई कागदांची पिशवी घेऊन त्यांची नजर चुकवून घराबाहेर पडली होती. ती सापडली ती एका बसथांब्यावर, येणाऱ्या प्रत्येक बसच्या चालकाला पेन्शन कचेरी कुठे आली म्हणून विचारताना. "मला नाही झेपायचं हो," मावशी म्हणाल्या होत्या, "उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

त्याने बेल वाजवली. दार फटीएवढे उघडले. मध्ये साखळी. ती त्यानेच बसवली होती, चार मोठे स्क्रू आरपार घालून, धक्का मारला तरी हलणार नाही अशी. फटीत तिचा अर्धा चेहरा दिसला. अजून किती नीटनेटका, केस पाठीमागे चापून बसवलेले.

"घरात पुरुषमाणूस नाही," ती म्हणाली. "उद्या या."

तिने शब्दाचीही चूक केली नव्हती.

"आई! कोणाशी बोलतेस?" गच्चीवर वाळत घातलेले कपडे घेऊन मुलगी जिन्यावरून खाली येत होती. बाप दाराबाहेर उभा असलेला पाहून ती पायरीवरच थांबली. मग तिने फटीला तोंड लावून सांगितले, "आई, हे ऑफिसमधून आलेत. पेन्शनचे साहेब. येऊ दे त्यांना."

"असं होय," आतून आवाज आला. साखळी निघाली. "मग आधी सांगायचं नाही का? या, साहेब. बसा."

त्याला बसायला तिने खिडकीजवळची खुर्ची दाखवली.

पुढे स्वयंपाकघरात बापलेक हळू आवाजात बोलत राहिली. आतल्या खोलीत मशीन चालू होती. तिच्यात दोरा नव्हता. मुलीने सुई तेवढी राहू दिली होती. तरी एका जुन्या चादरीवर आई सरळ, एकसारखी शिवण घालत चालली होती, नुसत्या भोकांची.

"काय म्हणाले?"

"काही नाही होत. मी असेपर्यंत नाही."

"आईच्या नावानं दुसरं काय आहे, बाबा?"

"मी गेल्यावर सगळंच तिचं आहे."

"आणि तुम्ही असताना?"

"मी असताना काय लागतंय तिला? मी असताना मी आहे की."

बोलून गेल्यावर ते वाक्य त्याचे त्यालाच ऐकू आले. मुलीने कपड्यांची घडी घालायला घेतली. घातलेली घडी मोडून तीच पुन्हा घातली.

"ते केंद्र मी परत बघून आले," ती म्हणाली. "असं विसरणाऱ्यांसाठीच आहे ते. चांगलं आहे. बागेला चारी बाजूंनी भिंत आहे, पण भिंतीवर वेली आहेत, तुरुंगासारखं नाही वाटत. एका म्हातारीला ते बाहुलीला अंघोळ घालू देत होते, कोणी हसत नव्हतं. पण पैसे, बाबा... तुमची पेन्शन निम्म्याला पण पुरत नाही. मी माझं घालते. माझ्या धाकट्याच्या कॉलेजसाठी ठेवलंय ते..."

"त्याला हात लावायचा नाही."

"मग स्वस्तातलं आहे एक. तिथं..." ती थांबली. "तिथं खाटेला बांधतात दुपारचं. मी पाहिलं."

"हे घर विकू," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"वर लिफ्टच्या मशीनखोलीशेजारी ती खोली आहे ना, आधी वॉचमन राहायचा ती. मी विचारलंय. लिफ्टकडे बघत जा, भाडं नको म्हणाले."

"विचारलंयसुद्धा? आणि मला आत्ता सांगताय?"

"तू ओरडली असतीस."

"ओरडतेच आहे! बाबा, तिथं उन्हाळ्यात पत्रा तापतो. रात्रंदिवस मोटर घरघरते."

"तो आवाज मला अंगाईसारखा आहे गं. उलट थांबला की जाग येते."

ती हसली नाही. डोळे पुसून ती पुन्हा व्यवहाराकडे वळली. आईची मुलगी होती ती. "घराचे पैसे किती वर्षं पुरतील? आजी नव्वदीपार गेली. आईला मधुमेह नाही, बीपी नाही. नुसतं डोकं. डॉक्टरच म्हणाले, शरीर ठणठणीत आहे. तितके दिवस नाही पुरणार, बाबा."

"पुरतील. मध्ये कधीतरी मी जाईनच की. मी गेलो की ते दुसरं सुरू होतं, पूर्ण पेन्शन, वर विमा. मग तिला काही कमी नाही." तो टेबलावर बोटाने रेघ ओढत होता, जशी कधी काळी तरुण मेकॅनिकांना दोरांची मांडणी समजावताना ओढायचा. "घराचे पैसे संपायच्या आत गेलो, म्हणजे बसतं सगळं."

"बाबा!"

"तसलं काही नाही माझ्या मनात. घाबरू नकोस. मी आपलं मांडून दाखवतोय."

आतली मशीन थांबली. दोघेही एकदम गप्प झाली, चोरी पकडली गेल्यासारखी. मग मशीन पुन्हा सुरू झाली. मुलगी उठली. तिने फळीवरचा डबा काढला, त्याची हृदयाची संध्याकाळची गोळी तळहातावर घेतली, पेल्यात पाणी ओतले आणि दोन्ही त्याच्यासमोर धरले.

"घ्या," ती म्हणाली.

त्याने निमूटपणे गोळी घेतली.

घराला गिऱ्हाईक लवकर मिळाले. तरुण नवराबायको होती. खिडकीजवळची जागा पाहून त्यातली बायको म्हणाली, इथे आपण झाडे ठेवू. तो बरे म्हणाला. सह्या झाल्या, केंद्रात खोली ठरली, आणि तिला न्यायची सकाळ आली.

तिला सांगितले होते की कचेरीत बोलावले आहे. तिने स्वतः शिवलेला राखाडी झगा घातला, पिशवी काखेत घेतली, आणि दाराबाहेर पडताना मागे वळून न पाहता विचारले, "गॅस बंद केला ना?" मुलगी म्हणाली, केला. ती खाली गाडी आणायला गेली. लिफ्टपाशी ती दोघेच उरली.

लिफ्टवाल्याची बायको असून तिने जन्मभर जिनाच वापरला होता. इमारतीतल्या बायका त्यावरून तिला चिडवत. "मला माहीत आहे ना, दुरुस्त कोण करतंय ते," असे तिचे उत्तर ठरलेले होते. पण खरे कारण वेगळे होते, आणि ते त्याला एकट्यालाच ठाऊक होते. पेटी हलली, की पायाखालचे जग आपल्याला न विचारता निघून जाते आहे असे तिला वाटे. फारच नाइलाजाने कधी लिफ्टमध्ये यावे लागले, तर ती दोन बोटांनी त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवत असे.

आता तिचे गुडघे जिन्याला तयार नव्हते. त्याने लिफ्टचे दार उघडले.

"मला भीती वाटते हो यात," ती त्याला म्हणाली, अनोळखी माणसाला सांगावे तसे, किंचित संकोचून. "आमचे हे असते, तर यांना धरून गेले असते."

त्याने हात पुढे केला नाही. ती दचकली असती. नुसता तिच्या बाजूला, थोडा पुढे उभा राहिला आणि म्हणाला, "माझी बाही धरा, बाई. मीही लिफ्टचंच काम करायचो."

"खरंच? मग यांना ओळखत असाल."

"होय. चांगला ओळखायचो."

पेटी हलली. तिची दोन बोटे त्याच्या बाहीवर आली. मजल्यामागून मजले वर निघून जात होते, आणि तो मनाशी म्हणत होता, आज बंद पड. मधेच कुठेतरी अडक, दोन मजल्यांच्या मध्ये, भिंतीसमोर. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुठल्या लिफ्टकडे असे काही मागितले. पण ती त्यानेच नीट ठेवलेली होती. हलकेच, काही न हिंदकळता, ती तळमजल्यावर येऊन टेकली. बोटे बाहीवरून निघाली.

केंद्रात पहिल्या भेटीत त्याने चूक केली. तिचे केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर तेज आलेले पाहून त्याला राहवले नाही, आणि तो म्हणाला, "अगं, कशी आहेस?" त्या 'अगं'ने ती घाबरीघुबरी झाली. तिला शांत करायला तिथल्या बाईंना तिला बागेत फिरवून आणावे लागले, आणि तो दारापाशी, आपल्या हातून काचेचे काही फुटल्यासारखा उभा राहिला.

दुसऱ्या भेटीला तो चष्मा घेऊन गेला. बागेतल्या बाकाशेजारी एक टेबल होते. त्यामागे बसून त्याने चष्मा नाकाच्या टोकावर ओढला. ती समोर आली, उभी राहिली, आणि तिच्या पाठीचा कणा सरळ होत गेला.

"काय पाहिजे?" त्याने विचारले.

"आमचे हे गेले."

तेव्हापासून हे असेच चालू होते. मुलगी सुटीच्या दिवशी येई, तो एरवी. उतारावरच्या थांब्यावर उतरून तो चालत वर येत असे, आणि फाटकापाशी शर्टाची कॉलर सारखी करून, चष्मा लावून, कारकून होऊन आत शिरे. वर मशीनखोलीशेजारच्या खोलीत त्याने तिच्या हातचे फारसे काही ठेवले नव्हते. शिलाई मशीन मुलीकडे गेली. फक्त ती भोके पाडलेली चादर तो पांघरत असे. सकाळी ती प्रकाशापुढे धरली, तर सगळ्या शिवणी उजेडाच्या दिसत.

त्या दिवशी बागेत वारा होता. ती बाकावर आधीच येऊन बसलेली होती, पिशवी मांडीवर.

"उद्या या," त्याने सुरुवात केली.

"उद्या नाही. आज आलेय, आजच करून द्या."

"साहेब जेवायला गेलेत."

"जेवू देत सावकाश. मी डबा आणलाय. इथंच बसते." आणि ती अजूनच नेटाने बसली. डबा अर्थातच नव्हता.

त्याने कागद मागितले. तिने बटण काढले आणि एकेक कागद क्रमाने पुढे ठेवला. खरे कागद मुलीने केव्हाच काढून घेतले होते. पिशवीत आता केंद्रातल्या जुन्या मासिकांची पाने होती, नीट घड्या घातलेली. तिचा क्रम मात्र चुकला नाही. त्याने प्रत्येक पान उलटून पाहिले, मान डोलावली.

"सगळं व्यवस्थित आहे, बाई. तुमच्या मिस्टरांनी काही कसर ठेवलेली नाही."

एरवी इथे ती उठत असे. आज ती बसून राहिली. "पुरेल ना हो मला?" तिने विचारले. "इथं सगळं फार चांगलं आहे. फुकट तर नसणार. मला काळजी लागून राहते."

"पुरेल."

"शेवटपर्यंत?"

त्याने चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. "शेवटपर्यंत पुरेल. मी स्वतः बघितलंय."

"यांनीच केलं सगळं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत न पाहिलेले काही उमटू लागले, ओल्या भिंतीवर जुना रंग उमटावा तसे. "फार विचार करायचे. वर्षातून एकदा तर दिवसभर खुर्चीत बसून राहायचे, न बोलता. मी शिवत असायची. पोरगी हसत असायची. आणि मग दुपारी..." ती थांबली.

"मग दुपारी काय व्हायचं?"

ती शोधत राहिली. तिचे हात मांडीवरच्या पिशवीचे बटण लावीत होते, काढीत होते. वारा वेलीतून गेला आणि पुन्हा आला. "काहीतरी व्हायचं," ती म्हणाली. "हसायला यायचं मला. काय बरं..."

आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत तो बोलून गेला. आवाज कारकुनाचा राहिला नाही, ओशाळा झाला, खुर्चीतून यायचा तसा.

"चहा मिळेल का?"

तिने वर पाहिले. सरळ त्याच्याकडे, चष्म्याच्या आत. बटणावरची बोटे थांबली. त्याने श्वास घेतला नाही. पेटी सुटली होती. खाली कुठेतरी ते दोन जबडे होते, किंवा नव्हते.

मग तिने मान वळवली, आणि पलीकडे कपडे गोळा करणाऱ्या बाईंना हाक मारली.

"अहो मावशी, साहेबांना चहा द्या ना जरा. केव्हाचे बसलेत बिचारे माझ्यासाठी."

चहा आला. साखर कमी होती. तिने स्वतः कप त्याच्यापुढे सरकवला आणि पाहुण्याकडे पाहावे तशी, आतिथ्याने, त्याच्याकडे पाहत राहिली.

भुरके मारायची त्याची जुनी सवय. त्याने कप दोन्ही हातांनी धरला आणि सगळा चहा संपेपर्यंत जराही आवाज होऊ दिला नाही.